उणे अडीच लिटर

आमच्या गणिताच्या सरांच्या शर्टाला खिसा एकच असायचा, पण तो छातीपासून निघून थेट पोटापर्यंत जायचा. गावातला शिंपी तसा खिसा शिवायला आधी तयार नव्हता. "सर, ह्यो खिसा हाय का पिशवी?" असं त्यानं विचारलं, तेव्हा सरांनी त्याच्यासमोर लॅक्टोमीटर धरला आणि म्हणाले, "याचं माप घे. माझं नको घेऊस." लॅक्टोमीटर म्हणजे दुधाची डिग्री बघायची काचेची नळी. खाली फुगीर, वर बारीक दांडी आणि दांडीवर आकडे. दुधात सोडली की तरंगते. दूध चांगलं असलं की वर राहते आणि आकडा मोठा दिसतो, पाणी पडलेलं असलं की खाली बसते आणि आकडा उतरतो. बाकीचे मास्तर खिशाला पेन लावायचे. आमचे सर रुमालात गुंडाळलेली ती नळी घेऊन रोज संगमनेरहून सायकलनं यायचे, आणि वाटेत खड्डा आला की एका हातानं हँडल आणि दुसऱ्या हातानं खिसा धरायचे.

शाळेतल्या जुन्या सोबत्यांचा व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आहे. तिथं महिन्याकाठी कुणीतरी सरांचा विषय काढतं. मग खिसा निघतो, कोरा चहा निघतो, आणि शेवटी हमखास कुणीतरी लिहितं, 'आणि सर लिंबाखाली उभे राहिले तो दिवस!' सगळे हसतात. मीही हसणारं तोंड पाठवते आणि फोन पालथा घालते. सरांची आठवण आली की माझे आधी कान तापतात. मला लाज वाटते. ती कुणाची वाटते, हे एका वाक्यात सांगता आलं असतं तर एवढं लिहायला बसलेच नसते.

सर सगळं गणित शिकवायचे, पण त्यांचा जीव एकाच धड्यात होता. मिश्रणाची उदाहरणं. दोन दरांचा चहा, दोन जातींचा तांदूळ, कमी-जास्त तेजाबाची द्रावणं, अमुकात तमुक किती मिसळलं. इतर शाळांत हा भाग दोन तासांत उरकतात. आमच्याकडे तो दिवाळीच्या आधी सुरू व्हायचा आणि संक्रांतीचा तिळगूळ वाटून झाला तरी चालूच असायचा. हेडमास्तर कुरकुरायचे, "अहो, भूमिती कधी घेणार?" सर म्हणायचे, "भूमिती कुठं पळून जात नाही. ही पोरं उद्या बाजारात जाणार आहेत."

उदाहरण फळ्यावर लिहिलं की लगेच खडू हातात घ्यायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. आधी विचारायचे, "उत्तराचं घर सांग." चाळीसचा चहा आणि साठचा चहा मिसळला, तर मिश्रणाचा भाव कुठं राहत असेल? मग आम्ही सगळे ओरडायचो, "चाळीस आणि साठच्या मधल्या बोळात!" सर खूश व्हायचे. "मिश्रण दोघांच्या मधेच राहतं. स्वस्तापेक्षा स्वस्त होत नाही, महागापेक्षा महाग होत नाही. बाहेर दिसलं, तर एक तर तू चुकलास, नाही तर तिसरं कुणीतरी आत शिरलंय आणि ते तुला सांगितलेलं नाही."

दुसरा नियम क्ष चा. नुसतं 'क्ष मानू' लिहिलं की सर खोडायचे. क्ष म्हणजे काय? दूध. कुणाचं? गाईचं. कशात मोजलेलं? लिटरमध्ये. एवढं सगळं लिहून झालं की मग क्ष ला वहीत प्रवेश. "ज्याची ओळख करून दिली नाही त्याला घरात घेत जाऊ नका," म्हणायचे. आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणांना आजही समीकरण सोडवता येत नाही, पण क्ष ची ओळख मात्र सगळे झकास करून देतात.

हे घर आणि बोळ सर वर्गातच ठेवते तर काही बिघडलं नसतं. पण ते सगळीकडे घेऊन जायचे. गावच्या किराणा दुकानात एकदा दुकानदारानं चहाचे तीन डबे मांडले होते: एक साधा, एक भारी आणि एक 'स्पेशल मिक्स'. सरांनी तिन्हींचे भाव विचारले. मिक्सचा भाव भारीपेक्षाही वर निघाला. सर गिऱ्हाइकांच्या गर्दीत उभे राहून म्हणाले, "शेट, तुमचं मिश्रण घराबाहेर हिंडतंय." दुकानदार म्हणाला, "त्यात इलायची हाय, सर." सर म्हणाले, "मग इलायचीचा भाव सांगा, आपण ती किती ते काढू." लोक हसले. दुकानदाराचं तोंड एवढंसं झालं आणि त्यानं नंतर वर्षभर सरांना सुटी साखर कचऱ्यासकट दिली. सरांना त्यात आपलं काही चुकलं असं वाटलं नाही. आकडा खरा होता, मग वाईट कशाला वाटायचं?

चहा ते कोराच प्यायचे. गावात ज्या घरी जातील तिथं बायका दुधाचा चहा पुढं करायच्या आणि सर हात आडवा धरायचे. एकदा कुणीतरी चिडून विचारलंसुद्धा, "सर, आमच्या दुधात काय इख हाय का?" सर शांतपणे म्हणाले, "विष नाही. पण त्याचा आकडा मला माहीत नाही." प्रवरेच्या काठचं आमचं गाव, दारोदारी गाई, दारोदारी म्हशी, सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रापुढे कॅनची रांग. अशा गावात असं बोलणाऱ्या माणसाला लोकांनी सहन केलं, ते पोरं पास होत होती म्हणून.

आता लिंबाचं सांगते. शाळेच्या फाटकाशी कडुनिंबाचं झाड होतं. आमच्याकडे त्याला लिंबच म्हणतात. ज्याचं चिन्ह चुकेल, म्हणजे कंस सोडवताना उणेचं अधिक होईल किंवा अधिकचं उणे, त्यानं तास संपेपर्यंत लिंबाखाली जाऊन उभं राहायचं. छडी नाही, ओरडणं नाही. आम्हाला छडी परवडली असती. लिंब रस्त्याला लागून होता आणि रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर, एसटी, बाजाराला जाणाऱ्या बायका, सगळं गाव जायचं. संध्याकाळी पिठाच्या गिरणीत कुणीतरी विचारायचंच, "आज लिंबाखाली हुतीस व्हय गं?" मी कधीच नव्हते. त्याचा मला इतका ताठा होता की लिंबाखाली उभ्या असलेल्या मैत्रिणींकडे मी खिडकीतून मुद्दाम बघायची. सर म्हणायचे, "मी चुकलो तर मीही जाईन." सगळा वर्ग त्या दिवसाची वाट बघून होता. सर चुकायचे नाहीत.

मी नववीत असताना सरांच्या डोक्यात आलं की पुस्तकातलं दूध पुरे झालं. त्यांनी सांगितलं, उद्या प्रत्येकानं घरून तीन बाटल्या आणायच्या. एकीत नुसतं गाईचं दूध, दुसरीत नुसतं म्हशीचं आणि तिसरीत डेअरीला जाणाऱ्या कॅनमधलं मिक्स. आमच्या केंद्रावर तेव्हा मिक्स दूध चालायचं. तिन्हीची डिग्री बघायची, समीकरण मांडायचं आणि कॅनमध्ये गाईचं किती लिटर, म्हशीचं किती लिटर ते काढायचं. "मग घरी जाऊन विचारा, बरोबर आलं का. आईबापांना पण कळू दे गणित कशाला शिकतात," असं म्हणून सर स्वतःच टाळ्या वाजवायचे बाकी राहिले.

आमचा कॅन दहा लिटरचा. केंद्रावर झाकण उघडलं की दूध गळ्याला लागलेलं दिसलं पाहिजे, हा माझ्या वडिलांचा, आण्णांचा मान होता. 'आमच्या घरचं धा लिटर' हे ते लग्नाकार्यातसुद्धा सांगायचे. घरात दूध फक्त चहापुरतं. कुणी मागितलंच तर म्हणायचे, "दूध प्यायला आपन काय पाव्हने हाय का?" वाईट माणूस नव्हे. स्वतःही कधी भाकरीवर दुधाचा थेंब घेतला नाही. पण पहाटे धारा काढून झाल्या आणि आण्णा गवताला गेले, की आई आम्हा तिघा भावंडांना पेला-पेला दूध द्यायची आणि म्हणायची, "तोंड पुसा." त्या दिवशीही मी दूध प्याले, तोंड पुसलं आणि बाटल्या घेऊन गोठ्यात गेले.

"कशाला गं बाटल्या?" आईनं विचारलं.

"सरांनी सांगितलंय. गाईचं, म्हशीचं नि कॅनातलं."

"गाईचं नि म्हशीचं ने की. कॅनातलं कशाला?"

"त्याच्याबिगर गनित हुत न्हाई."

तिनं माझ्याकडे बघितलं, पदरानं हात पुसले आणि कॅनचं झाकण काढून दिलं. शाळेनं मागितलेलं ती कधी नाही म्हणायची नाही.

वर्गात तीसेक मुलांच्या बाटल्या टेबलावर उभ्या होत्या. फळ्यावर एकाच घरचं होणार होतं. "सर, आमचं घ्या," म्हणत मी जवळजवळ बाकावर चढले. सरांनी मला पुढं बोलावलं आणि थर्मामीटर हातात दिलं. दूध कोमट असलं की डिग्री कमी लागते, म्हणून तापमान बघितल्याशिवाय सर नळी बुडवायचे नाहीत. मी तिन्ही बाटल्यांत थर्मामीटर घातलं. तिन्हींचं तापमान सारखं होतं. मी ते सरांना सांगितलं, त्यांनी मान हलवली आणि पेनानं तळहातावर लिहून घेतलं. मागे वर्ग गोंधळ घालत होता, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

गाईच्या दुधाची डिग्री लागली अठ्ठावीस. म्हशीची बत्तीस. "आता मिक्स," सर वर्गाकडे वळून म्हणाले. "घर सांगा."

"अठ्ठावीस आणि बत्तीसच्या मधल्या बोळात!"

सरांनी तिसऱ्या बाटलीतलं दूध काचेच्या उभ्या भांड्यात ओतलं आणि नळी सोडली. ती वरखाली झाली, स्थिर झाली. सर वाकून बघत राहिले. नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकलेले होते. मला दम निघेना. मी त्यांच्या खांद्यावरून डोकावले आणि बक्षीस लागल्यासारखी ओरडले, "सत्तावीस!"

"थांब," सर म्हणाले.

मी कसली थांबते! घर-बोळ सगळं विसरून मी खडू उचलला. गाईचं दूध क्ष लिटर, म्हशीचं दहा उणे क्ष. अठ्ठावीस क्ष अधिक बत्तीस गुणिले कंसात दहा उणे क्ष, बरोबर दोनशे सत्तर. कंस सोडवला. तीनशे वीस उणे चार क्ष बरोबर दोनशे सत्तर. चार क्ष बरोबर पन्नास. क्ष बरोबर साडेबारा. दहा लिटरच्या कॅनमध्ये गाईचं दूध साडेबारा लिटर! आणि म्हशीचं, दहातून साडेबारा गेले, उणे अडीच लिटर.

मागच्या बाकावरचा बाळ्या ओरडला, "सर, हिची म्हस दूध देत न्हाई, पिती!" वर्ग फुटला. मग कुणीतरी सुरुवात केली, "लिंब! लिंब!" उत्तर उणे आलं म्हणजे चिन्ह चुकलं, चिन्ह चुकलं म्हणजे लिंब. इतक्या दिवसांचा माझा ताठा त्यांना जिरवायचा होता. मी घाईघाईनं ओळ न् ओळ तपासली. चिन्ह कुठंच चुकलेलं नव्हतं.

संकलन केंद्र चालवणाऱ्याची मुलगी मधल्या बाकावर बसायची. ती हसत नव्हती. ती फळ्याकडे बघून हळूच म्हणाली, "चिन्ह बरुबर हाय. गाईच्या पन खाली लागली म्हंजी..." आणि थांबली. पुढचं म्हणायची गरज नव्हती. वर्गात सगळी दूधवाल्यांचीच पोरं. अठ्ठावीस आणि बत्तीस मिसळून सत्तावीस कशानं होतं हे कुणाला शिकवावं लागणार नव्हतं. एकेका बाकावरचं हसणं थांबत गेलं आणि माझ्या पाठीवर सगळ्या वर्गाचे डोळे आले. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. वळायचं कसं तेच कळेना.

"चूक माझी आहे," सर म्हणाले.

त्यांनी डस्टर घेतला आणि माझं सगळं समीकरण पुसून टाकलं. "दूध कोमट होतं. मी तापमान बघितलं नाही. सत्तावीस हा आकडाच खोटा. नियम तो नियम." एवढं बोलून ते वर्गाबाहेर गेले, मैदान ओलांडलं आणि लिंबाखाली जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. जाताना माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

थर्मामीटर अजून माझ्या हातात होतं.

मग काय विचारता! सगळा वर्ग खिडक्यांना लोंबकळला. शेजारच्या वर्गातली पोरं बाहेर आली. हेडमास्तर धावत गेले, सरांशी काहीतरी बोलले आणि कपाळाला हात लावून परत आले. एसटी फाटकाशी थांबायची नाही, ती त्या दिवशी थांबली. सत्तावीस, साडेबारा, उणे अडीच, सगळं सगळे विसरले. सर लिंबाखाली उभे आहेत, यापुढे आमच्या कॅनची काय कथा? फळ्याजवळ मी एकटीच होते, आणि मला एवढंच दिसत होतं की सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, आता मी बघण्याच्या लायकीची राहिले नाही.

संध्याकाळी आई गोठ्यात धार काढत होती. मी दारात उभी राहून म्हणाले, "आई, कॅनमधी पानी कोन घालतं?"

धारेचा आवाज थांबला. "कुनी सांगितलं?"

"गनितानं."

मी तिला सगळं सांगितलं. बाळ्याचं हसणं, केंद्रवाल्याच्या पोरीचं बोलणं, सरांचं जाणं. सांगता सांगता माझा आवाज चढत गेला. "सगळ्या वर्गापुढं माझं तोंड काळं झालं. आपन काय चोर हाय का?" असं मी माझ्या आईला विचारलं.

ती म्हशीच्या अंगाला टेकून बसली होती. उठली नाही. "रोज सकाळी काय पितीस तू?"

"दूध."

"ते कुटून येतं?"

मी कोपऱ्यातल्या कॅनकडे बघितलं.

"तुज्या आन्नाला कॅन गळ्यापत्तुर लागतो. तुमा तिगांला पेला लागतो. म्हस तर काय जास्ती देत न्हाई. एक तांब्या काडते, एक तांब्या घालते. म्हशीच्या जोरावर डिग्री पास हुती, केंद्रावर कुनाच्या ध्यानात येत न्हाई." मग तिनं विचारलं, "सर किती येळ उबं हुतं?"

"तास संपस्तोवर."

"रस्त्याकडं त्वांड करून?"

"व्हय."

आईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं होतं, ती चिडेल नाही तर रडेल. ती लाजली होती. आपल्या आईला लाजलेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं, आणि देव करो, पुन्हा बघायला न मिळो. सगळा दिवस मी तिच्यामुळे लाजत होते. आता माझी मलाच लाज वाटली.

जेवताना आईनं आण्णांच्या ताटात भाकरी टाकली आणि सरळ सांगितलं, "उद्यापासनं कॅन नऊ लिटरचा जाईल. पोरं दूध पित्यात. इतके दीस मी त्येवढं पानी घालत हुते."

आण्णांचा घास हातातच राहिला. त्यांनी आम्हा तिघांकडे एकेक करून बघितलं. आम्ही ताटात बघायला लागलो. "मला सांगायचं हुतंस," ते म्हणाले.

"सांगितलं असतं तर दिलं असतं का?"

आण्णांनी घास परत ताटात ठेवला. मग म्हणाले, "केंद्रावर काय सांगू?"

"सांगा, पोरं दूध पित्यात."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आई शाळेत आली. तशीच, गोठ्यातून. ओचा खोचलेला, टाचांना शेण, हातात ताटलीनं झाकलेला तांब्या. मी वर्गाच्या दारामागे गेले. होय, गेले. आदल्या संध्याकाळी एवढं कळूनही माझे पाय दारामागेच गेले. सर व्हरांड्यात आले. बाकीचे मास्तर कोरा चहा पिणाऱ्या सरांची आता काय गंमत होते ते बघायला मागे उभे राहिले.

"सर, हे आमच्या कॅनातलं हाय. डिग्री लावा," आई म्हणाली.

"ताई, त्याची काही गरज नाही. काल चूक माझीच..."

"लावा म्हनते ना. आन आदी तापमान बगा. काल ऱ्हायलं हुतं म्हनं."

सर तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी पोरांना पाठवून भांडं आणि थर्मामीटर मागवलं. तापमान बघितलं. खिशातून रुमाल काढला, रुमालातून नळी काढली आणि दुधात सोडली. सगळा व्हरांडा वाकला. आई ताठ उभी होती.

"तीस," सर म्हणाले. मग मागच्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणाले, "तीस. अठ्ठावीस आणि बत्तीसच्या मधोमध."

"मग प्या," आई म्हणाली.

ज्या माणसानं आख्ख्या गावात कुणाच्या घरी दुधाचा चहा घेतला नव्हता, त्यानं ते कच्चं दूध पेल्यात ओतून घेतलं आणि उभ्या उभ्या संपवलं. आईनं तांब्या उचलला. जाता जाता सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "तोंड पुसा, सर." आणि सरांनी शर्टाच्या बाहीनं मुकाट्यानं तोंड पुसलं.

त्यानंतर सरांच्या खिशात लॅक्टोमीटर कुणी बघितला नाही. खिसा तेवढाच लांब राहिला, सायकल खड्ड्यात गेली की हात सवयीनं खिशावर जायचा आणि परत यायचा. लिंबाची शिक्षा बंद झाली. बाटल्या परत कधी मागवल्या नाहीत. पुस्तकातलं 'एका गवळ्याने दुधात पाणी मिसळले' हे उदाहरण आलं की सर म्हणायचे, "गवळी खोडा, सरबतवाला लिहा." गावानं मात्र त्यांना सोडलं नाही. इतके दिवस सगळ्यांच्या चुका काढणारा माणूस आयताच सापडला होता. किराणा दुकानदार तर दुकानाबाहेर येऊन ओरडायचा, "काय सर, तुमचं मिश्रण घराबाहेर गेलं म्हनं!" सर सायकलवरून उतरायचे, सरळ त्याच्याकडे बघून म्हणायचे, "हो. तापमान बघायचं राहिलं," आणि परत सायकलवर बसायचे. बदली होईपर्यंत ते हेच सांगत राहिले. मी कित्येकदा ऐकलं आणि प्रत्येक वेळी माझे कान तापले.

मी आता एका डेअरीच्या प्रयोगशाळेत काम करते. आता नळी नाही, समीकरण नाही. मशिनला नमुना दाखवला की पाणी किती टक्के ते तेच छापून देतं. मी तिथं लागले तेव्हा नापास कॅनवाल्याचं नाव कॅन उतरवायच्या धक्क्यावर मोठ्यानं पुकारायची पद्धत होती. मी ती बंद केली. मी स्वतः खाली जाते, त्या माणसाला बाजूला घेते आणि हळू सांगते. कॅन परत करते, त्यात दयामाया नाही. पण माणूस मान खाली घालतो, तेव्हा मीही दुसरीकडे बघते. बरोबरचे लोक म्हणतात, मॅडम भिडस्त आहेत. असू दे.

गेल्या उन्हाळ्यात संगमनेरला सरांच्या घरी गेले. खूप थकले आहेत. सुनेनं चहा आणला, दुधाचा, आणि सर तो बशीत ओतून फुर्र करून प्यायला लागले. शर्टाचा खिसा अजून लांबच आहे. त्यात चष्म्याचं घर आणि औषधाच्या गोळ्या असतात. आई कशी आहे, म्हैस आहे का, भाऊ काय करतात, सगळं विचारून झालं. मग मी इतकी वर्षं घोळवलेलं बोलले.

"सर, त्या दिवशी थर्मामीटर माझ्या हातात होतं. तिन्ही बाटल्या सारख्या होत्या. मी तुम्हाला सांगितलं होतं."

"हो," सर म्हणाले. "तळहातावर लिहिलं होतं. घरी जाईपर्यंत मूठ मिटून ठेवली, कुणी बघायला नको म्हणून."

"मग तुमची चूक नव्हतीच."

"होती की. तापमानाची नव्हती, एवढंच. घरातलं दूध फळ्यावर मागायला मला कुणी सांगितलं होतं? नळी थांबली तेव्हा माझं मलाच तोंड लपवावंसं वाटलं." त्यांनी बशी खाली ठेवली. "तुझी आई आली नसती तर मी नोकरी सोडायच्या विचारात होतो."

जे मनात होतं तेच तोंडातून आलं. "मला वाटायचं, तुम्हाला माझी किळस आली. जाताना तुम्ही माझ्याकडं बघितलंसुद्धा नाहीत."

सरांनी तेव्हा माझ्याकडे बघितलं, अगदी नीट, चष्मा सावरून.

"बघितलं असतं," ते म्हणाले, "तर सगळ्या वर्गानं तुझ्याकडंच बघितलं असतं."